पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन: गोव्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की माझ्या फोनवर तेच प्रश्न सुरू होतात. म्हापशाहून, मडगावहून, डिचोलीहून, एकदा तर चालत्या फेरीबोटीतून. मी प्रशिक्षक नाही. नोकरी सांभाळून चाळिशीनंतर या नादाला लागलेली बाई आहे, आणि जवळजवळ प्रत्येक चूक स्वतः करून पाहिली आहे. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे नेमकं किती अंतर?

७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. याच क्रमाने, एकापाठोपाठ एक, आणि मधे कपडे-बूट बदलतानाही घड्याळ चालूच. ऑलिम्पिक अंतर याच्या बरोबर दुप्पट असतं (२००० साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला). २०१९ साली मिरामारला आयर्नमॅन ७०.३ झाली, तेव्हापासून गोव्यात ट्रायथलॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तीच येते: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. ती पाहून ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत घरी जाऊ नका. स्प्रिंटचं एकूण अंतर तिच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. स्थानिक स्पर्धांत अंतरं थोडी इकडेतिकडे असतात, तेवढं नावनोंदणीआधी वाचा.

२. नवख्याला पूर्ण करायला किती वेळ लागतो?

पोहायला २० ते २५ मिनिटं, सायकलला ४५ मिनिटं ते तास, धावायला ३० ते ४० मिनिटं, अदलाबदलीला पाच-सहा मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या आसपास. प्रत्येक टप्प्याला आयोजकांची वेळमर्यादा असते. ती सहसा सैल असते, पण पोहण्याची मर्यादा आधी पाहा. लोक अडकतात ते तिथेच.

३. आजवर व्यायाम म्हणून काही केलेलं नाही. किती आठवडे हाताशी हवेत?

तलावात न थांबता २०० मीटर पोहता येत असेल आणि २० मिनिटं चालत-धावत जाता येत असेल, तर १२ आठवडे पुरतात. पोहता येत नसेल तर ही गणितं बाजूला ठेवा आणि प्रश्न ६ वाचा. तुमचा काळ पाणी ठरवणार, पाय नव्हेत.

४. डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर हो. चढावर छातीत दडपण येणं, घेरी येणं, विनाकारण धडधडणं यातलं काहीही होत असेल तर वयाकडे न बघता हो. या खेळातले गंभीर प्रकार बहुतेक वेळा पोहताना होतात. रस्त्यावर माणूस खाली बसू शकतो, पाण्यात ती सोय नाही. मधुमेहाचं प्रश्न २१ मध्ये वेगळं लिहिलं आहे.

५. नोकरी सांभाळून आठवडा कसा बसवू?

माझा आठवडा असा असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी तलाव, बुधवारी सकाळी ३० ते ४० मिनिटं धावणं, गुरुवारी तासभर सायकल, रविवारी लांब सायकल आणि तिला लागूनच दहा-पंधरा मिनिटं धावणं. सोमवारी पूर्ण सुट्टी. शनिवार घरच्या कामांचा, उरला तर हलकं धावणं. सगळं मिळून पाच-सहा तास होतात. दर चौथ्या आठवड्याला हे निम्म्याच्या जवळ आणा, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यातही.

यातला बहुतेक भाग गप्पा मारता येतील अशा वेगात करायचा. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही फार जोरात आहात. नवशिक्यांचं इथेच फसतं. रोज थोडं जोरात, रोज थोडं दमून, आणि सहाव्या आठवड्यात नडगी धरून बसायचं.

६. समुद्राकाठी जन्म गेला, पण पोहता येत नाही. आता सांगायलाही लाज वाटते. जमेल का?

लाज सोडा, असे आपण पुष्कळ आहोत. आमच्या आईचा नियम एकच होता: पाणी गुडघ्याला लागलं की मागे फिर. मी एकेचाळिसाव्या वर्षी पणजीत कांपालच्या तलावात शिकले. पहिले तीन दिवस उथळ बाजूला काठ धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे, एवढंच. शेजारच्या लेनमधून एक सात वर्षांची मुलगी सुळसुळ जायची, आणि काठावर मी बुडबुडे काढत उभी.

पण सगळं त्या बुडबुड्यांतच आहे. नवा माणूस डोकं पाण्यात गेलं की श्वास कोंडतो. मग तोंड बाहेर आल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळच मिळत नाही. चार हात मारले की दम लागतो, आणि तो म्हणतो, ‘माझा स्टॅमिनाच कमी.’ स्टॅमिनाचा दोष नसतो. आत कार्बन डायऑक्साइड साठला की शरीर हवेसाठी आकांत करतं. तोंड पाण्यात असताना सावकाश, सतत सोडत राहायचं, वळल्यावर फक्त घ्यायचं. हा सराव घरी न्हाणीत बादलीवर वाकूनही होतो. मी केला आहे. घरच्यांनी दार ठोठावलं होतं.

दुसरी चूक म्हणजे समोर बघत पोहणं. डोकं वर उचललं की पाय खाली जातात आणि तुम्ही पाण्यातून नांगर ओढत राहता. नजर तळाकडे ठेवा. श्वास घेताना मान वर नको, अंगाबरोबर कुशीवर वळा.

अंतर असं वाढवा. आधी २५ मीटर दहा वेळा, मधे हवी तेवढी विश्रांती. मग ५० चे तुकडे, मग १००, आणि एका दिवशी ४०० सलग. ४०० सलग झाले की ७५० फारसे दूर नसतात. ५० मीटरच्या तलावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ वेळा, २५ च्या तलावात ३० वेळा, झाले ७५०. कांपालखेरीज म्हापशाला पेडे आणि मडगावला फातोर्डा इथेही तलाव आहेत. प्रौढांच्या तुकडीची वेळ तिथेच जाऊन विचारा. मोठ्या माणसाला शिकायला तीन ते सहा महिने लागतात. सायकलचे पैसे वाचवून ते शिकवणीला द्या, हे माझं ठाम मत.

७. फ्रीस्टाइलच हवी का? मला ब्रेस्टस्ट्रोकच येतो.

कुठलाही हात चालतो, उताणं पोहलं तरी चालतं. दमलात तर बोया किंवा मदतीची कयाक धरून थांबता येतं, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. ब्रेस्टस्ट्रोकने पाय जास्त वापरले जातात आणि पुढे सायकल आहे, एवढंच त्याचं नुकसान. गर्दीत तो पाय मागच्याच्या नाकावर बसतो म्हणून कडेने पोहा.

८. तलावात ७५० होतात, पण समुद्रात दहा हात मारले की छाती भरून येते. का?

कारण तळ दिसत नाही, भिंत नाही, पाणी हलतं, आणि पुढून-मागून लोक हात मारत असतात. मिरामारसारख्या ठिकाणी मांडवीचा गाळ येतो, पावसाळ्यानंतर तर स्वतःचा पंजासुद्धा नीट दिसत नाही. घाबरलात म्हणजे तयारी कमी पडली असं नव्हे. शरीर आपलं काम करतंय.

उपाय जुनाच आहे. आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा, तोंड बुडवून बुडबुडे सोडा, मग सुरुवात. पहिले शंभर मीटर मुद्दाम संथ. भरून आलं तर उताणे व्हा, आकाश बघा, दहा श्वास मोजा, मग पुढे. स्पर्धेत पहिल्या रांगेत उभं राहायचं नाही. सगळे गेल्यावर वीस सेकंदांनी निघालात तर वीस सेकंदच जातात.

दिशा बघण्यासाठी दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, मगर काढते तसे, आणि श्वास नंतर बाजूला वळून घ्यायचा. खुणेसाठी किनाऱ्यावरचं उंच काही धरा. माड धरू नका. गोव्याच्या किनाऱ्यावर माड धरून पोहणारा कुठेही पोचू शकतो.

९. समुद्रात सराव कुठे आणि कधी करावा?

जून ते सप्टेंबर नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या, म्हणून आपणही जायचं असं नव्हे. होडीला इंजिन असतं. समुद्र खरा निवळतो ऑक्टोबरात. त्यानंतरही किनाऱ्यावरच्या ‘दृष्टी’ संस्थेच्या जीवरक्षकांचे झेंडे बघायचे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरायचं, लाल झेंडा असेल तर चहा पिऊन घरी. पहाटे त्यांचे मनोरे रिकामे असतात, तेव्हा अंधारात जाऊ नका.

उत्तरेच्या उघड्या किनाऱ्यांपेक्षा दोनापावला, करंजाळेच्या बाजूचं पाणी बहुतेकदा शांत असतं. मांडवीच्या मुखाजवळ मात्र ओहोटीला पाणी बाहेर ओढतं, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ही ओढ वाढते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाहेर पडा आणि मग वळा.

एकट्याने कधीही नाही. कमरेला दोरीने बांधायचा भडक नारिंगी फुगा मिळतो, तो घ्या. रापण ओढली जात असेल तिथून लांब राहा. जाळ्यात अडकण्याची भीती आहेच, शिवाय रापणकारांच्या शिव्या खाव्या लागतात, आणि त्या योग्य असतात.

१०. घराजवळ नदी आहे, मानस (भरतीचं पाणी अडवणारं बांधाचं दार) आहे. तिथे पोहलो तर?

नको. मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, पर्यटकांना होडीतून दाखवतात त्याच. खाजन म्हणजे नदीकाठच्या बांधाआडच्या शेतांच्या बाजूने, मानशींच्या आसपासही त्या फिरतात. फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूला मातीची मगर करून पूजतात ते उगाच नाही. मानशीच्या दारातून पाण्याची जी ओढ असते ती वेगळीच. खाणींचे भरलेले खड्डेही तसेच: काठ सरळ तुटलेले, खोली अंदाजापलीकडची, बाहेर यायला जागा नाही.

११. जेलीफिश चावला तर?

चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, आणि लघवीचा उपाय सुचवणाऱ्याचं ऐकायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस-तीस मिनिटं धरा. जीवरक्षकाला दाखवा. श्वास लागला, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर थेट इस्पितळ.

१२. वेटसूट घ्यावा का?

नाही. आपलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. त्यात वेटसूट म्हणजे उन्हाळ्यात गोधडी.

१३. माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे. रोड बाइक घ्यायलाच हवी?

पहिल्या स्पर्धेला नको. दोन्ही ब्रेक चालू, हँडलच्या टोकांना बुचं, घट्ट चाकं आणि हेल्मेट, एवढं असलं की आत घेतात. घ्यायचंच असेल तर जुन्या सायकलला नवे, गुळगुळीत टायर घ्या आणि सीटची उंची कुणा जाणत्याकडून बसवून घ्या. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. गोव्यात निम्म्या सायकली सीट खाली ठेवून चालतात, आणि मग गुडघे दुखतात.

खाऱ्या हवेबद्दल दोन शब्द. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याची चेन आठवड्यात लाल होते. फडक्याने पुसून एकेका कडीवर तेलाचा थेंब, पुन्हा पुसणं. पाच मिनिटांचं काम आहे. मी टाळलं होतं आणि चेन तुटली ती रायबंदरच्या कॉजवेवर, घरापासून लांब, पायात क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट असताना. टक् टक् आवाज करत पणजीपर्यंत चालत आले.

१४. सुरक्षित सायकल कुठे चालवता येईल?

फेरीने दिवाडी बेटावर. गाड्या कमी, रस्ता सपाट, आणि पियेदादचा चढ हवा तेव्हा हजर. फेरीत सायकल घेऊन उभं राहायचं, पलीकडे उतरून दोन-तीन वेढे, परत फेरी. चोडणही चांगलं. पणजी–रायबंदर हा सतराव्या शतकातला दगडी बांध जवळजवळ तीन किलोमीटर सरळ आणि सपाट आहे. पहाटे तिथे एका लयीत पेडल मारायची सवय लागते, साडेसातनंतर मात्र वाहनं वाढतात. दोनापावला–मिरामार रस्ता सरावाला बरा, रविवारी पर्यटक जागे व्हायच्या आत. चढासाठी पणजीत आल्तिनो. चोर्ला घाट पहिल्या स्प्रिंटसाठी गरजेचा नाही, फोटोसाठी जायचं तर जा.

सावध कशापासून राहायचं? रस्त्यात बसलेली गुरं, गावागावांतली कुत्री, अंधारात न दिसणारे रंबलर (रस्त्यावरचे उंच आडवे पट्टे), आणि भाड्याच्या स्कूटरवर नकाशा बघत चालणारा माणूस. पुढे-मागे दिवा हवाच. कुत्रा धावला तर सायकलवरून उतरून सायकल मधे धरा, बहुतेक वेळा तो गोंधळून थांबतो.

वाऱ्याचा हिशोब शाळेत भूगोलात शिकलो तोच: पहाटे मतलई, दिवस चढला की खारे. सकाळी उशिरा निघालात तर समुद्राकडे तोंड करून परतताना तोंडावर वारा घ्यावा लागेल.

१५. पुढच्या सायकलवाल्याच्या मागे लागून गेलं तर चालतं का?

हौशी गटांत बहुतेक ठिकाणी नाही. पुढच्याशी साधारण दहा-बारा मीटर अंतर ठेवायचं आणि ओलांडायचं तर झटकन ओलांडायचं. नेमकं अंतर त्या स्पर्धेच्या नियमांत असतं. ओलांडून झाल्यावर डावीकडे या, मधे रेंगाळलात तर त्यालाही शिक्षा आहे.

१६. सायकलवरून उतरलो की पाय लाकडासारखे होतात. हे बरं होतं का?

बरं होत नाही, सवय होते. सायकलला लागूनच धावण्याच्या सरावाला सगळे ब्रिक म्हणतात. आठवड्यातून एकदा, सुरुवातीला फक्त पाच मिनिटं. सायकलचा शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवत या, आणि धावताना पहिली पाच मिनिटं पावलं छोटी ठेवा. शंभर ब्रिक लागत नाहीत, सहा-सात पुरतात.

१७. गोव्याच्या दमटपणात धावताना जीव जातो. वेग का येत नाही?

घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. पुण्याच्या भावाने ज्या वेगात ५ किलोमीटर काढले तो वेग इथे ऑक्टोबरात काढायचा हट्ट धरू नका. घड्याळातला वेग झाकून ठेवा आणि श्वासावर धावा. उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून वातानुकूलित जिममधल्या ट्रेडमिलवरून थेट स्पर्धेला येणाऱ्याची धावताना वाईट गत होते. शेवटचे दोन-तीन आठवडे बाहेरच धावा.

थंडी वाजल्यासारखं वाटलं, घाम थांबला, बोलणं अडखळलं, तर तिथेच थांबायचं, सावली, डोक्यावर-मानेवर पाणी, आणि मदत मागायची. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.

१८. काय खायचं, काय प्यायचं? पाकिटातले गोड एनर्जी जेल घ्यावे लागतात का?

दोन तासांच्या कामाला जेलची गरज नाही. शरीरात साठलेली साखर दीडेक तास पुरते, वर थोडं लागलं तर सायकलवर गोड पाणी किंवा एक केळं. सकाळी अडीच-तीन तास आधी ओळखीचं खाणं: पोय (कोंड्याचा पाव) आणि केळं, किंवा मऊ पेज मीठ घालून. मी पेज घेते. पोटाला कळतच नाही की आज काही वेगळं आहे. काजू, तळलेलं, रात्रीचं शाकुती हे सगळं दुसऱ्या दिवशी.

पाण्याचा हिशोब स्वतःचा स्वतः काढा. तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. जितकं घटलं तितका घाम, एक किलो म्हणजे एक लिटर. तासाला अर्धा ते पाऊण लिटर बहुतेकांना सोसतं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातकच. एका लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा: घरचं ओआरएस तयार. नवीन काहीही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालू नका, फुकट वाटत असले तरी.

१९. श्रावणात मासे बंद. प्रोटीन कुठून आणू?

अळसांदे, मूग, चणे, मसूर. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण २०-२४ ग्रॅम प्रोटीन असतं. दही, पनीर, शेंगदाणे आहेतच. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. अडचण खरी कुठे येते? उपासाला. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाही, म्हणून उपासाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस एकच करा. माझा सोमवार तसाच आहे (प्रश्न ५).

२०. चवथीत दहा दिवस काहीच झालं नाही. सगळं वाया गेलं का?

नाही. आठवडाभराच्या खंडाने काही बिघडत नाही, दहा दिवसांनी किंचित जड वाटतं. चूक नंतर होते. राहिलेलं भरून काढायला एका आठवड्यात दोन आठवडे कोंबायचे आणि पिंढरी ओढून घ्यायची. राहिलं ते गेलं. पहिला आठवडा हलका, मग जिथे होतात तिथून पुढे. माटोळी बांधताना, आरास करताना तुम्ही काही झोपून नव्हता. नेवऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

ताप येऊन गेला असेल तर मात्र हा हिशोब नाही. ताप असताना व्यायाम बंद, आणि डेंगी झाला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

२१. मला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. करता येईल?

बऱ्याच जणांना येतं, पण डॉक्टरांशी बोलल्यावर. इन्सुलिन आणि काही गोळ्यांनी लांब व्यायामात साखर एकदम उतरते, आणि पाण्यात ती उतरणं सगळ्यांत वाईट. आधी-नंतर मोजा, सायकलवर ग्लुकोज ठेवा, हातावर किंवा बँडवर ‘मधुमेह’ लिहा, सोबत्याला सांगून ठेवा. पायांच्या फोडांकडे रोज पाहा.

२२. बायकांचे दोन प्रश्न नेहमी हळू आवाजात येतात: पाळी, आणि कपडे.

मोठ्याने उत्तर देते. पाळीत पोहता येतं, कप किंवा टॅम्पॉन वापरून. सरावात एकदा वापरून बघा म्हणजे त्या दिवशी धाकधूक नाही. पहिल्या दिवशी पोट फार दुखत असेल तर हलकं करा, त्यात काही कमीपणा नाही. कपड्यांचं म्हणाल तर तलावात गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोहण्याचा पोशाख सर्रास चालतो. स्पर्धेत मात्र कोपराखाली आणि गुडघ्याखाली झाकणाऱ्या कपड्यांवर बंधन असू शकतं, आयोजकांना आधी विचारा. ट्रायसूट एकदा घातला की तिन्ही टप्पे त्यातच होतात, पोहून तो वाऱ्यावर वाळतो. मानेला, काखेत, मांड्यांना व्हॅसलिन चोपडा. मीठ आणि घाम मिळून कातडी सोलतात, आणि ते संध्याकाळी अंघोळीला कळतं.

२३. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे अदलाबदलीच्या जागी, काय काय चुकतं?

हेल्मेट. सायकलला हात लावण्याआधी ते डोक्यावर आणि बक्कल लागलेलं हवं, आणि सायकल परत टांगल्यावरच काढायचं. माझ्या पहिल्या स्पर्धेत पाण्यातून धापा टाकत आले, हेल्मेट घातलं, सायकल उचलली, आणि शिट्टी. बक्कल लोंबत होतं. सायकल ठेवा, बक्कल लावा, पुन्हा उचला. हात इतके थरथरत होते की ते बक्कल लागायला अर्धा मिनिट गेला.

मग मी घरी सराव सुरू केला. अंगणात तुळशीपाशी टॉवेल पसरायचा, त्यावर बूट, हेल्मेट उलटं, आत गॉगल, बाजूला नंबरचा पट्टा. मग डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून धावत यायचं आणि सगळं घालायचं. शेजारच्या काकी कुंपणावरून विचारायच्या, “कसली गो पूजा मांडलीस?” पंधरा दिवसांत त्याच घड्याळ लावून वेळ सांगायला लागल्या.

वाळूसाठी पायांवर ओतायला पाण्याची छोटी बाटली ठेवा, बुटांत थोडी पावडर टाका. आपली जागा लक्षात ठेवायला रांगा मोजा. शेजारच्याच्या निळ्या टॉवेलवर विसंबू नका, तो तुमच्या आधी गेलेला असतो. सायकलवर बसायची आणि उतरायची रेषा आखलेली असते, तिच्या आत बसायचं नाही. नंबर सायकलवर पाठीमागे, धावताना पुढे. कानात इअरफोन कुठेच नाहीत.

२४. वाटेत पंक्चर झालं तर मित्र मदत करू शकतो का?

बाहेरच्याने केलेली मदत नियमात बसत नाही. म्हणून ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत, आणि घरी डोळे मिटून जमेल इतका सराव. मागचं चाक काढण्याचा करा, पुढचं सगळ्यांना जमतं. पंधरा मिनिटं गेली तरी वेळमर्यादेत बसण्याइतकी सवड नवख्याकडे बहुधा असते (प्रश्न २).

२५. त्या दिवशी समुद्र खवळला आणि पोहणं रद्द झालं तर?

बहुतेक वेळा आयोजक धावणं–सायकल–धावणं असं करतात, म्हणजे ड्युएथलॉन. पोहण्यावर मेहनत घेतलेल्याला वाईट वाटतं, मला माहीत आहे. तरी जीवरक्षक नको म्हणाले तर नकोच. पहिलं धावणं सगळे वेड्यासारखं पळतात, तुम्ही पळू नका, अजून सायकल आहे.

२६. सहा आठवडे राहिलेत, नाव नोंदवून बसलोय, आणि समुद्रात अजून शंभर मीटरही होत नाहीत. काय करू?

एकट्याची नोंदणी रिलेत बदलून मिळते का ते आजच विचारा. रिलेत एक पोहतो, एक सायकल चालवतो, एक धावतो, आणि घोट्यावरची वेळ मोजणारी चिप एकमेकांना देतात. तुम्ही सायकल किंवा धावणं घ्या. रिले होत नसेल तर त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून ट्रान्झिशनमध्ये उभे राहा. पोहून आलेल्या दोनशे लोकांचे चेहरे जवळून बघितले की पुढच्या वर्षी आपण कुठे असणार याचा अंदाज येतो. आणि तोवर तलावाची वर्गणी सोडू नका.